वरचा मजला आणि राऊत काका

राऊत काका काल गेले. त्यांना घर नाकारणाऱ्यांत मीही होतो.

भिलाईच्या सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये वीस वर्षं आमची भिंत एक होती. स्टील प्लांटमध्ये काका कोक ओव्हनला, बाबा रोलिंग मिलला. आई आणि काकूंच्या मूगवड्या एकाच खाटेवर वाळायच्या.

काका बौद्ध, आम्ही कुणबी. सगळ्यांना माहीत होतं. पण क्वार्टर ग्रेड बघून मिळायचं, शेजारी निवडायची सोयच नव्हती.

आम्हाला मात्र वाटायचं, आपण फार मोठ्या मनाचे.

दोघे रिटायर झाले, क्वार्टर सुटलं. बाबांनी दुर्गला बोरसीत घर बांधलं. काकांनी वरचा मजला भाड्याने मागितला.

"आमाले दुसरं कोन हाय इथं? संगच राहू."

बाबा म्हणाले, "पोरगा वापस येऊन राहिला. त्याले लागते."

मी पुण्यात नोकरीला. परत यायचा विचारही नव्हता.

फोनवर भांडलो. "बाबा, कावून खोटं बोलले?"

"क्वार्टर कंपनीचं होतं बे. घर आपलं हाय. कॉलनीतले लोक काय म्हनतीन?"

मी रागाने फोन ठेवला. माझा बाणेदारपणा तेवढाच.

दिवाळीत घरी आलो, तेव्हा सिविक सेंटरच्या बाजारात काका भेटले. "कधी शिफ्ट होऊन राहिला?"

"पुढच्या महिन्यात, काका."

किती सहज निघालं तोंडातून!

"बरं झालं. मायबापाजवळ असावं मानसानं."

नंतर काका घरं शोधत फिरले. राऊत आडनाव ऐकून घरमालक हो म्हणायचे. सामानात बुद्धाची तसबीर दिसली की त्यांचेही मुलगे अचानक परत यायचे.

शेवटी भिलाई-3 ला दोन खोल्या मिळाल्या. काल तिथूनच काकांना नेलं.

काकूंनी मला जवळ बसवलं. हळूच विचारलं, "तुमची माडी अजून रिकामीच हाय ना?"

"हो, काकू."

"त्यायले मालूम होतं. मले म्हनत, पोराले काही बोलू नोको, त्याले लाज वाटन."

मला तिथे रडताही येईना.

काका, मी परत येणार नव्हतो. तुम्ही बौद्ध म्हणून आम्ही घर दिलं नाही. बाबा हे वाचतील. वाचू देत.

तुम्ही गेल्यावर माफी मागतोय, तीही फेसबुकवर. ती माफी म्हणायची की नाही, मला कळत नाही.

तुमच्या हयातीत हे दोन शब्द माझ्या तोंडून कधी निघाले नाहीत.

जय भीम, काका.