घोडीला घातलेली शीळ

ती शीळ अजून माझ्या कानात आहे. ऐकली एकदाच, तीही प्रकरण मिटल्यावर. पण सगळ्या नोकरीत तेवढं गोड काही कानावर पडलं नाही.

संस्थान विलीन होऊन थोडेच महिने झाले होते. ग्वाल्हेरची फौज मोडली, रिसाल्याचे, म्हणजे घोडदळाचे, घोडे लिलावात गेले आणि आमच्या ठाण्यात भारतीय दंड संहितेची नवी कोरी प्रत येऊन पडली.

एका सकाळी 'शिंदे की छावनी' या वस्तीत टांगा उधळला. आत मुलींच्या शाळेतल्या एक मराठी बाई होत्या. त्या खाली पडल्या, मनगट मुरगळलं. ठाण्याच्या कारकुनानं, मुन्शीनं, नेहमीप्रमाणे टांगेवाल्यावर ठपका ठेवून परवाना जमा केला. तो रडकुंडीला आला. "हुज़ूर, लगाम कसके पकड़ी थी. परवाना गया तो घोड़ी भी बिक जाएगी."

इतकी वर्षं टांगे पाहतोय, जनावर उगाच उधळत नाही. दुपारी नाक्यावरचा पानवाला हळूच सांगून गेला, की टांगा उधळण्याआधी कुणीतरी शीळ घातली होती.

मुन्शी हसला. "साहेब, शीळ घालणं कधीपासून गुन्हा झाला? बाईंना कुणी बोटसुद्धा लावलं नाही."

मी पुस्तक उघडून वाचून दाखवलं. अंगाला हात लागलाच पाहिजे असं नाही. जनावराला पळायला लावून माणसाला हलवलं, तरी तो बलप्रयोगच. आणि त्या माणसाची संमती नसताना, त्याला भीती वा त्रास होईल हे ठाऊक असून केला, की तो फौजदारीपात्र, म्हणजे गुन्हा.

शीळ घोडीच्या ओळखीचीच असणार, म्हणून लिलावाचे कागद पाहिले; घोडी रिसाल्यातली निघाली. तिच्या तुकडीतले तीन म्हातारे स्वार छावनीतच राहत. बोलावलं, तर तिघांनी कानावर हात ठेवले. जुनी फौजी माणसं, दरडावून काय बोलणार! मग तिघांना ठाण्याच्या अंगणात उभं केलं आणि घोडी मोकळी सोडली. ती सरळ मधल्याकडे गेली आणि त्याच्या खांद्यावर तोंड टेकून उभी राहिली. म्हातारा ओक्साबोक्शी रडायला लागला.

"नऊ वर्षं मी हिचा स्वार, साहेब. चंदी-दाणा देताना अशीच शीळ घालायचो. टांग्याला जुंपलेली पाहिली, राहवलंच नाही."

"टांग्यात बाई होत्या, हे दिसलं होतं?"

नाही म्हणाला असता तर सुटला असता. मनात म्हटलं, म्हण बाबा नाही.

"दिसलं होतं. खोटं कशाला बोलू? त्या टांगेवाल्याला सोडा."

परवाना मी तिथल्या तिथे परत दिला. बाईंना बोलावून सगळं सांगितलं. फिर्याद करायची की तडजोड, ते आता त्यांच्या हातात होतं.

"माझी संमती नव्हती, म्हणून हा गुन्हा ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

बाई उठल्या, बाहेर घोडी पुन्हा जुंपलेल्या टांग्यात जाऊन बसल्या आणि चांगल्या हातानं दांडी घट्ट धरून म्हाताऱ्या स्वाराला म्हणाल्या, "काका, त्या नुक्कडच्या कोपऱ्यापर्यंत जा. तिथून आता बोलवा तिला."

"पडाल, बाई!" म्हातारा म्हणाला.

"पडले तर माझ्या मर्जीनं पडेन. फिर्याद करायची नाही मला."

टांगेवाल्यानं लगाम सैल सोडला. शीळ आली, घोडी कान टवकारून धावत सुटली आणि बाई भीतीनं किंचाळता किंचाळता हसत होत्या. माझे डोळे भरून आले. कलम मला तोंडपाठ होतं, पण त्यातल्या संमतीचं मोल तेव्हा कळलं.

मुन्शी रोजनामचा उघडून बसला होता. "साहेब, काय लिहू?"

"लिही, आत्ता बलप्रयोग झाला. गुन्हा नाही."