दोन नवे दोर

एटामच्या खडकाखालच्या आमच्या गावात दोर वळणारा शोबाल म्हणजे कुणाच्या अध्यात-मध्यात नसलेला माणूस. विहिरीला दोर हवा, बैलाला कासरा हवा, की लोक त्याच्या दारात. तो आधी खडसवायचा, "मागचा दोर ओला तसाच गुंडाळून कोपऱ्यात टाकला असशील, मेल्या. कुजेल नाही तर काय होईल?" आणि मग निमूट नवा वळून द्यायचा. बायको हेला जवसाच्या काड्या भिजवायची, छपरावर वाळवायची, कुटून दोराला लागणारा धागा, वाख, काढायची. मुलगा एकच, रेकेम. लग्नानंतर किती तरी वर्षांनी झालेला, नवसासायासाचा. तो दोराचं टोक धरून उभा राहायचा, बाप दुसरीकडून पीळ द्यायचा आणि दोघं दिवसभर भांडायचे. रेकेम म्हणायचा, "आबा, इतका पीळ देऊ नका, दोर अंगावर येतोय." बाप म्हणायचा, "तू टोक धर. अक्कल मी धरतो." गल्लीतल्या बायका पाणी भरताना हे ऐकून हसायच्या.

पलिष्ट्यांचं राज्य आमच्या डोक्यावर होतं, ते काही कालपरवाचं नव्हे. कर द्यायचा, मान खाली घालायची, घरी यायचं. आम्हा यहूदा वंशाच्या लोकांना त्याची सवय झाली होती, आणि लाज वाटायचीही बंद झाली होती, खोटं कशाला बोला. पण आमच्याच भाईबंदांतल्या, दान वंशातल्या एका सात जटांच्या पैलवानाला सवय झाली नव्हती. त्यानं पलिष्ट्यांचा उभा गहू जाळला, माणसं लोळवली आणि लपायला आला तो नेमका आमच्या एटामच्या कपारीत. पराक्रम त्याचा, आणि निस्तरायचं आम्ही.

पलिष्टी फौज वर चढून आली आणि लेहीच्या माळावर तळ देऊन बसली. त्यांनी आमच्या गावातून घरटी थोरला मुलगा उचलून नेला. थोरला मुलगा म्हणजे आमच्यात देवाचा वाटा, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. रेकेमला नेलं तेव्हा तो वाख विंचरत बसला होता. हेला त्या शिपायाच्या पायाला धरून अंगणाच्या टोकापर्यंत फरफटत गेली. शोबाल मध्ये पडला, तर भाल्याच्या दांड्यानं त्याच्या दोन फासळ्या मोडल्या.

निरोप साधा होता. पैलवान बांधून आणा, मुलं घेऊन जा.

बोलणी करायला गावाचा वडीलधारा मेशुल्लाम गेला. दुखऱ्या कुशीवर हात दाबून शोबालही मागोमाग गेला. पलिष्ट्यांचा सरदार वाईट बोलला नाही. म्हणाला, "माणूस हातात पडला की त्याच घटकेला मुलं सोडतो. दागोन देवाची शपथ घेतो, तुमच्यासमोर."

मेशुल्लामनं दोन्ही कानांवर हात ठेवले. "त्या मूर्तीचं नाव आमच्या कानावर नको. परक्या देवाची शपथ आम्ही ऐकतही नाही आणि घेऊही देत नाही."

सरदार हसला. "मग बिनशपथेचं ठरलं. आधी माणूस, नंतर मुलं बघू."

 शोबालनं मेशुल्लामची बाही ओढली. "काका, घेऊ द्या ना त्याला शपथ. त्याचा देव त्याच्यापाशी. पोरं आपली आहेत."

"गप बस, शोबाल. उद्या त्या नावावर पोरं घरी आली, तर ती कुणाची म्हणायची?"

"माझी म्हणायची. दुसऱ्या कुणाची?"

मेशुल्लामनं ऐकलं नाही. तो माणूस दुष्ट नव्हता. त्याचा स्वतःचा नातू त्या तळात होता. पण आमची माणसं अशीच, जीव गेला तरी चालेल, कान विटाळता कामा नये. आमच्या गावाची सगळ्यात मोठी चूक ती, असं मी आजही म्हणतो आणि शिव्या खातो.

मग नवे दोर वळायचं ठरलं. पाणी न लागलेले, कधी न वापरलेले, दोन. शोबाल आणि हेला कामाला बसले. रेकेमचं टोक आता हेलानं धरलं. फासळ्यांतून कळ यायची, शोबालच्या कपाळावर घाम फुटायचा, पण हात थांबला नाही. त्यानं घरातला सगळा चांगला वाख काढला, हेलाच्या सणाच्या कापडासाठी ठेवलेलासुद्धा. तीन पेड घेतले आणि जेवढा पीळ दोर सोसेल तेवढा दिला. त्याला वाटत होतं, या दोरात काही कमी राहिलं तर आपलं पोर गेलं. हेला मध्येच म्हणाली, "अहो, तो आपल्याच रक्ताचा माणूस आहे."

"मग रेकेम कुणाच्या रक्ताचा आहे?" शोबाल म्हणाला.  तिनं टोक आणखी घट्ट धरलं.

यहूदाचे तीन हजार पुरुष एटामच्या कपारीकडे गेले, एका माणसाला धरायला. तो बाहेर आला तेव्हा पुढची माणसं आपोआप मागे सरली. त्यानं एवढंच मागितलं, "तुम्ही स्वतः माझ्यावर हात टाकणार नाही अशी शपथ घ्या." आपल्या देवाची शपथ होती, ती सगळ्यांनी लगेच घेतली. मग त्यानं हात पुढे केले आणि शोबालला पुढे ढकलण्यात आलं.

"दोर नवे दिसतायत," पैलवान म्हणाला.

"माझा मुलगा त्यांच्याकडे आहे. एकुलता आहे."

"बांध मग."

"तुझ्या पाया पडतो, बाबा, तिथं काही करू नकोस. पोरं घरी येईपर्यंत तरी काही करू नकोस."

पैलवानानं मनगटं एकमेकांवर ठेवली. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. शोबालनं मनगटापासून कोपरापर्यंत वेढे घातले, दुसरा दोर छातीवरून घेतला आणि गुडघा लावून गाठ आवळली.

लेहीला पोचलो तेव्हा पलिष्टी ओरडत, नाचत समोरून धावत आले. लादणीची गाढवं तळाच्या मधोमध बांधली होती आणि त्यांच्याजवळच आमची मुलं बसवली होती. शोबाल टाचा उंच करून रेकेमला शोधत होता. दिसला. डोकं भादरलं होतं त्याचं, अंगावर पलिष्टी हमालाचं आखूड वस्त्र होतं, खांद्यावर पाण्याची पखाल होती; बापाशिवाय कुणालाही तो पलिष्टीच वाटला असता. शोबालनं हात वर केला.

तेवढ्यात दोर तुटले. जळक्या सुतासारखे गळून पडले, पीळ नाही, गाठ नाही, काही नाही. मेलेल्या गाढवाच्या जबड्याचं ओलं हाड पैलवानाच्या हाताला लागलं आणि तो त्या गर्दीत घुसला. पुढचं सगळ्या देशाला ठाऊक आहे. माणसांचे ढीग पडले म्हणतात, पडलेच. पण त्या ढिगांमध्ये बापानं "रेकेम, रेकेम" करत कसं हिंडायचं असतं, ते कुणी सांगत नाही. शपथेला बांधलेले तीन हजार पुरुष माळाच्या कडेला उभे राहून बघत होते. एकटा शोबाल आत धावला.

मेशुल्लामचा नातू वाचला, बाकीची मुलंही खरचटून, रडत का होईना, परत आली. रेकेम पखालीवर पालथा पडला होता. डोक्याला घाव होता. भाल्याचा नव्हता, पात्याचा नव्हता. कवटी चेचली होती आणि जखमेत एक पिवळा दात रुतला होता, गाढवाचा. शोबालनं तो काढून दूर फेकला. ओढ्यावर एकट्यानंच पोराला धुतलं, डोक्याला फडकं गच्च गुंडाळलं आणि घरी नेल्यावर हेलाला ते सोडू दिलं नाही.

आमच्याकडे सुतकात घरची चूल पेटत नाही. भाकरी आणि मसुरीचं कालवण शेजाऱ्यांनी आणायचं. त्या दिवशी सगळं गाव भांडी घेऊन आलं, आणि काय सांगू, तोंडावर दुःख कमी आणि कौतुकच जास्त. देवानं पैलवानाच्या अंगात बळ भरलं, असं म्हणून लोक थांबले असते तर बरं होतं. पण शेजारचा हादद म्हणाला, "बळ देवाचं, खरं आहे. पण शोबालनंही पीळ कमी दिला असणार. शेवटी आपलाच माणूस." झालं. तेवढं पुरलं. बायका म्हणाल्या, केवढं काळीज, स्वतःचा मुलगा तिकडे असताना. पुरुष येऊन आदरानं त्याच्या दाढीला हात लावू लागले. मेशुल्लाम म्हणाला, "तुझं नाव राहील, शोबाल."

शोबाल शोकाच्या राखेत बसून होता.  हेलाचा हात भाकरीवर थांबला. तिनं वळून नवऱ्याकडे बघितलं.

"टोक मी धरलं होतं," ती हळू आवाजात म्हणाली. "मला कळलं नाही. खरं सांगा, कमी दिला होतात?"

"नाही गं."

"मग हे सगळे म्हणतात ते?"

 गाव त्याला देव्हाऱ्यात बसवायला निघालं होतं. गप्प राहिला असता तर जन्मभर मानानं जगला असता, आणि ही बाई जन्मभर त्याला पोराचा मारेकरी समजून त्याच्याशेजारी झोपली असती.

तो उठला. फासळ्या धरून उठला. "ऐका सगळे. मी पीळ कमी दिला नाही. आयुष्यात वळला नाही असा दोर वळला. मला त्याला बांधायचं होतं, पलिष्ट्यांच्या हातात द्यायचं होतं, तो मेला असता तरी चाललं असतं मला. मला फक्त माझं पोर हवं होतं."

"शोबाल, खाली बस," मेशुल्लाम म्हणाला.

"आणि माझं पोर पलिष्ट्यानं मारलं नाही. त्यानं मारलं. आपल्या पैलवानानं. जखम मी धुतली आहे."

 मग हाददच्या बायकोनं कालवणाचं मडकं उचललं. दुसरीनं भाकऱ्या पुन्हा फडक्यात बांधल्या. माणसं एकेक करून वाकून दाराबाहेर गेली. देवानं सोडवलेल्या माणसाला नावं ठेवणाऱ्याच्या घरी कोण बसणार? मेशुल्लाम सगळ्यात शेवटी गेला आणि जाताना उंबऱ्यावर पायाची धूळ झटकून, संबंध तोडून गेला. त्या दिवसानंतर शोबालकडून कुणी दोर घेतला नाही. तो मरेपर्यंत नाही.

घरात दोघंच उरली. हेला भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिनं तसंच विचारलं, "खूप दुखलं असेल का हो त्याला?"

"नाही. एकच घाव होता."

ती उठली, कोपऱ्यातला उरलेला वाख चुलीत घातला आणि गारगोटी घासू लागली. शोबाल म्हणाला, "हेला, सुतक आहे. चूल पेटवायची नाही."

"कोण आणून देणार आहे आता?" ती म्हणाली, आणि पीठ मळायला बसली.