काचेवरचं कुंकू

परदेशातल्या क्वेकर्स हिल उपनगरातल्या त्यांच्या कॉम्प्लेक्समध्ये साप पाळायला बंदी घालायचा ठराव आला, तरी मयूरा निवांत होती. तिचा अजगर लायसन्सवाला होता. शिवाय नागपंचमीला, नाग नाही तर अजगर का होईना म्हणत इथल्याच बायका त्याच्या पेटीच्या काचेला हळदकुंकू लावून गेल्या होत्या.

मीटिंगमध्ये बंदीच्या बाजूने पहिला हात रेखाकाकूंचा वर गेला. मयूराला वाटलं, काकू केस सावरतायत. पण पाठोपाठ त्या सगळ्याच बायकांचे हात वर गेले आणि तिच्या पायाखालची जमीनच सरकली.

मग तिचं डोकं सणकलं. पाठ केलेलं भाषण सोडून तिने नागपंचमीचा फोटो स्क्रीनवर लावला. "काकू, नातवासाठी यालाच नवस बोलला होतात ना? आता यालाच सांगा, घर सोड म्हणून!"

रेखाकाकूंचा हात खाली आला आणि सवयीने दुसऱ्या हाताला जुळला.