गिरजाचे हात मी धरले

"कान धर, मास्तर."

मालक पायताणासकट आत आले नि एवढंच बोलले. तेवीस लेकरांपुढं मी दोन्ही कान धरून उभा राहिलो.

सेनगावकडचं खेडं. निजामाचा अंमल. गावची जमीन मालकांची, शाळा त्यांच्याच सरकीच्या कोठीत, माझी भाकर त्यांच्याच चुलीवरची. चारही वर्ग एकाच खोलीत. कुणी अडीचकी, म्हणजे अडीचचा पाढा, म्हणतंय, कुणाला दहाच्या पुढं मोजता येत नाही. सगळ्यांना मी एकटा. म्हणून मी शिकलो तेव्हाचीच रीत चालवली. ज्याला उत्तर येईल त्यानं न येणाऱ्यांच्या थोबाडीत द्यायची. वाटे, मागचे यानं पुढं येतील.

त्या दिवशी विचारलं, सात अडीचं किती. मालकांच्या धाकट्या लेकाला आलं नाही. गिरजाला आलं. नऊ वर्षांची, धनगराची पोर. रीतीप्रमाणं तिनं त्याच्या गालाला हात लावला. मारलं म्हणावं असंही नाही. तरी तो रडत घरी गेला नि मालकांना घेऊन आला.

"मेंढक्या मास्तर आणला, त्यानं मेंढरं डोक्यावर बसवली," मालक म्हणाले. मीही धनगराचाच. "आता धर तिचे हात."

मी धरले. मागून. धाकट्यानं दोन ठेवून दिल्या. तिनं मनगटं सोडवूनसुद्धा पाहिली नाहीत. हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

पुढं दोन वर्षं धाकट्याला मी सकाळीच उत्तरं सांगून ठेवी. वर्गात तोच पहिला. बाकीच्यांनी गाल पुढं करायचे. हळूहळू लेकरांनी बोलणंच सोडलं. हुशार कोण, कच्चं कोण, मलाच कळेना. सोडून जावं तर दुसरी भाकर कुठं होती?

मग हिंगोलीहून तपासणीचे साहेब आले. त्यांनी आपल्या मनानं प्रश्न घातला. धाकटा माझ्याकडं बघायला लागला. बाकी सगळ्या माना खाली.

"क्या मास्तर, सारे गूंगे भरती किए क्या?" साहेब हसले.

ते गेल्यावर गिरजाला विचारलं, "तुला येत होतं?"

"व्हय."

"मग काहून बोलली न्हाईस?"

"सांगितलं तरी मार, न्हाई सांगितलं तरी मार. गप बसलं तर दम तरी वाचतो, मास्तर."

दुसऱ्या दिवशी रीत मोडली. कुणी कुणाला मारायचं नाही. येणाऱ्यानं न येणाऱ्याला शेजारी घेऊन शिकवायचं. धाकट्याशेजारी गिरजाला बसवलं. दुपारपर्यंत त्याची निम्मी अडीचकी पाठ. पोरगं खुशीत घरी जाऊन सांगून आलं. मागोमाग मालक.

"धनगराची पोर माझ्या लेकराला शिकवून राहिली? उठव तिला."

"न्हाई उठवत."

कोठीला त्याच दिवशी कुलूप लागलं. मी मारुतीच्या पारावर वर्ग भरवला. चौघंच आली. गिरजा नव्हती. तिच्या बापाकडं गेलो.

"आमची मेंढरं मालकांच्या रानात चरतात, मास्तर. तुमचं काय, तुमी जाल निघून."

खरंच होतं. मी निघून आलो. ती मेंढरांमागं राहिली.

आता निजामी गेली. माझी चाळिशी उलटली. नवं गाव, पण खोली एकच, वर्ग चारच. परवा गावातली मोठी माणसं आली. म्हणाली, "आमची पोरं पुढं घ्या गुरुजी, ठोंबे मागं सारा."

मी दारातच उभं राहून सांगितलं. कुणी कुणाशेजारी बसायचं ते त्याला काय येतं, काय येत नाही, एवढं बघून मी ठरवीन. पटत नसेल तर दुसरा मास्तर बघा. मला ओढून बाहेर काढाल तोवर वर्ग असाच बसेल.