मॅडमचा मागचा टायर

"तोंडानं नका सांगू, भाई. दाखवा."

मॅडम दुकानात आल्या की त्यांचं पहिलं वाक्य हेच असायचं. मी पुढे केलेल्या खुर्चीवर त्या कधी बसल्या नाहीत. टायरसमोर उकिडव्या बसायच्या, कुर्त्याची बाही कोपरापर्यंत सारायच्या आणि टायरवरून तळहात फिरवायच्या. बाजारात गाय घ्यायला आलेला माणूस तिच्या पाठीवरून फिरवतो ना, तसा. मग मान वर करून विचारायच्या, "हे असं कावून?"

टायरच्या दुकानात सहसा कोणी प्रश्न विचारत नाही, हे तुम्हीही पाहिलं असेल. लोक येतात, "चांगला टाका" म्हणतात आणि मोबाइल पाहत बसतात. चांगला म्हणजे कोणता, ते दुकानदारानं ठरवायचं. अमरावतीत आमचं दुकान अब्बांच्या काळापासूनचं. त्या दिवशी दुकानात जो असेल तो चांगला, असा माझाही साधारण हिशेब होता.

मॅडम अकोल्याच्या एका शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. घर अमरावतीत, घरी म्हातारी आई. सोमवारी पहाटे अकोल्याला जायचं, शनिवारी दुपारी परत यायचं. तरुणपणी कबड्डी खेळलेल्या, अंगानं मजबूत. लग्न केलं नव्हतं. पन्नाशीला दोन वर्षं कमी असताना त्यांनी साडेसहाशे सीसीची मोटरसायकल घेतली, ज्याला स्पोर्ट टूरिंग म्हणतात ती. लांबच्या प्रवासाला आरामशीर, वळणावर चपळ, दोन्ही बाजूंना सामानाचे डबे. पेट्रोल पंपावर लोक विचारायचे, "मॅडम, गाडीवाले कुठं गेले?" त्या म्हणायच्या, "पैसे आणाले गेले." आणि स्वतःच्या पर्समधून पैसे काढून द्यायच्या.

गाडीचा मागचा टायर पहिल्यांदा झिजला तेव्हा त्या माझ्याकडे आल्या. त्या गाडीला एकशे साठचा, म्हणजे तेवढ्या मिलिमीटर रुंदीचा टायर लागतो. माझ्याकडे तो नव्हता. एकशे ऐंशीचा मात्र बरेच दिवस वर टांगून होता. मी म्हणालो, "मॅडम, मोठी गाडी, मोठा टायर. रोडला चिकटून चालेल." शाळेत क्रीडा महोत्सव होता, त्या घाईत होत्या. तेवढ्या एकाच वेळी त्यांनी माझ्या तोंडावर विश्वास ठेवला. टायर चढला. मागून गाडी अशी रुबाबदार दिसायला लागली की मी फोटो काढून मोबाइलच्या स्टेटसला लावला.

पुढे श्रावणात मॅडम चिखलदऱ्याच्या घाटात पडल्या. परतवाडा ओलांडल्यावर चढ सुरू होतो, तिथल्या एका डाव्या वळणावर मागचं चाक सुटलं. घोट्याचं हाड मोडलं, आत स्टीलची पट्टी टाकावी लागली. मला हे चहाच्या टपरीवर कळलं. मी विचारपूस करायला गेलो नाही. गेलो असतो तर नजर आधी त्या मागच्या चाकावर गेली असती.

अडीच महिन्यांनी दुकानासमोर एक टेम्पो थांबला. वर दोरांनी बांधलेली मॅडमची गाडी, एका अंगानं खरचटलेली. मॅडम काठी टेकत खाली उतरल्या.

"भाऊनं गाडीले गिऱ्हाईक पाहून ठेवलं हाय," त्या म्हणाल्या. "म्हणते, तुह्या वयाले हे शोभत नाई. मी म्हटलं, दादा, आधी नवा टायर टाकतो. तोच घाट एकदा चढून पाहातो. जमलं तं गाडी राहीन. नाई जमलं तं तू म्हणशील त्याले देऊन टाकू."

"टायर तो अभी नया है, मॅडम," माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काठी बाजूला ठेवली, दुखरा पाय लांब करून जमिनीवर बसल्या आणि उतरवलेल्या गाडीच्या मागच्या चाकावर हात ठेवला.

"नवा हाय, मंग मधात सपाट कावून झाला? आन हे काठ पाहा. हे तं रस्त्याले लागलेच नाई." मग टायरच्या बाजूवर कोरलेल्या चार आकड्यांवर त्यांचं बोट थांबलं. "हे काय हाय, भाई?"

कंपनीचा काही नंबर आहे, असं म्हणालो असतो तर विषय तिथंच संपला असता. पण पाय लांब केल्यामुळे घोट्यावरचे टाक्यांचे व्रण दिसत होते. मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर तयार होऊन चार वर्षं पडून होता, रबर कडक झालं होतं. शिवाय तो तुमच्या गाडीच्या मापाचा नव्हता. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की दोन्ही बाजूंनी आवळला जातो, त्याचा आकार बिघडतो, गाडी झुकवली की तो रस्त्यावर नीट बसत नाही. "मला माहीत होतं, मॅडम. माल पडून होता, म्हणून दिला."

त्या चार आकड्यांवरून मॅडमचं बोट पुन्हा एकदा फिरलं. टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. मी त्यांच्या काठीकडे पाहत होतो.

"म्हणजे माझं चुकलं नाई," मॅडम म्हणाल्या.

"नाही, मॅडम."

"अडीच महिने पलंगावर पडल्या पडल्या तेच वळण घेऊन राहिली मी. कुठं चुकलं, कुठं चुकलं. वाटे, हात गेला आपला. वय झालं. आता पोरींले मैदानावर कोणत्या तोंडानं सांगू, का भिऊ नका म्हणून." आणि त्या हसायला लागल्या. आधी हळू, मग खांदे हलेपर्यंत. ओढणीनं डोळे पुसले. "तुमाले शिवी द्याची हाय मले, भाई. थांबा, आधी हसून घेतो."

मग दिलीही. अस्सल वऱ्हाडी होती. इथे लिहीत नाही, पण माझी होती आणि मी ती खाली मान घालून घेतली.

नवा टायर माझ्याकडून, असं मी म्हटलं तर त्यांनी मान हलवली. "फुकट दिला तं मले प्रश्न विचारता येणार नाई."

आणि प्रश्न त्यांनी तीन आठवडे विचारले. एक वही केली होती. पहिल्या पानावर टायरचं नावच नव्हतं, रस्ता होता. अमरावती-अकोला सरळ हायवे, दर आठवड्याला. उन्हाळ्यात डांबर तापलेलं. महिन्यातून एकदोनदा घाट. पाऊस आला तरी जायचंच. मी कडक टायर सुचवला, जास्त चालणारा. त्या म्हणाल्या, हायवेवर चालन, घाटात काय करन? मग मी मऊ टायरचं नाव घेतलं, शर्यतीच्या गाड्यांना असतो तसा. शहरातली तरुण मंडळी त्याच्यावर जीव टाकतात. त्यावर त्या म्हणाल्या, "अकोल्याच्या मे महिन्यात मधातून लोण्यावानी जाईन तो." तिसरा एक होता, मधोमध कडक आणि दोन्ही काठांना मऊ, पाणी बाहेर फेकायला खोल चर असलेला. सरळ रस्ता मधल्या भागानं कापायचा, वळण काठानं धरायचं.

"हाच," मी म्हणालो.

"दाखवा."

माझ्याकडे तो नव्हता. एका दाताच्या डॉक्टरांच्या गाडीला होता, त्यांना मी चहाला बोलावलं. ते चहा पीत असताना मॅडम त्यांच्या मागच्या चाकाशी बसून मध्ये आणि काठावर नख दाबून पाहत होत्या. मलाही दाबायला लावलं. काठ खरंच जरा जास्त दबत होता. वीस वर्षं टायर विकले, पण हे मी कधी करून पाहिलं नव्हतं.

मग वजनाचा प्रश्न निघाला. टायर किती ओझं पेलतो हेही त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं, हे त्यांना कळलं होतं. कधीकधी आई मागे बसायच्या, डबे भरलेले असायचे. शेजारी संत्र्याचे व्यापारी आहेत, त्यांच्या काट्यावर मॅडमनी आधी डबे ठेवले, मग स्वतः उभ्या राहिल्या, मग रिक्षातून आणलेल्या आईला उभं केलं. आई नऊवारीतल्या, चौऱ्याहत्तर वर्षांच्या. काट्यावर तोल सांभाळत मला म्हणाल्या, "पाह्य बाप्पा, पोटची पोर मले संत्र्यावानी तोलून राहिली."

"हालू नको माय, काटा हालते," मॅडम आकडा लिहीत म्हणाल्या.

टायर नागपूरहून मागवला. एकशे साठचाच. पार्सल फोडायच्या आधी मॅडमनी चार आकडे शोधले. तयार होऊन सहा आठवडे झाले होते. कोणत्या बाजूला फिरायचं ते दाखवणारा बाण तपासला. मी माझ्या हातानं टायर बसवला, रिमला ओरखडा येऊ नये म्हणून कडेला चामड्याचे तुकडे लावले.

"भरोसा हाय?" त्यांनी विचारलं.

"शंभर टक्के."

"तोंडानं नका सांगू. रविवारी मागं बसा."

घरी हे सांगितलं तेव्हा बायको पोळ्या लाटत होती. हात न थांबवता म्हणाली, "अच्छा है. जिसने गिराया, वही पीछे बैठे."

नव्या टायरवरचा गुळगुळीतपणा घासून जावा म्हणून मॅडम आठवडाभर सावकाश फिरल्या. रविवारी सकाळी आम्ही निघालो. परतवाड्यापर्यंत सरळ रस्ता, थंडी, दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा. मी मागची दांडी दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. परतवाड्यात जीपवाले उभे होते. पुढे मॅडम आणि मागे दाढीवाला मी, हे पाहून एक म्हणाला, "चाचा, संभलके." मॅडमनी हेल्मेटची काच वर केली आणि त्याला म्हणाल्या, "चाचा टायरची गॅरंटी हायेत."

घाट लागला. पडल्या ते वळण कोणतं, हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. सांगावं लागलंही नाही. तीनचार वळणं गेली आणि माझ्यासमोरचे खांदे एकदम ताठ झाले. डावं वळण होतं. डोंगरातून झिरपलेल्या पाण्याचा ओला पट्टा रस्त्यावरून आडवा गेला होता. मी मनात जी आठवेल ती दुआ सुरू केली. गाडी झुकली. माझा गुडघा रस्त्याला लागतो की काय असं वाटलं. क्षणभर मला फक्त मागचं चाक कळत होतं, जणू मीच त्याच्यावर हात ठेवून बसलो होतो. ते हललं नाही. ओल्या पट्ट्यावरून गेलं, वळणातून निघालं आणि गाडी सरळ झाली.

मॅडमनी वेग कमी केला नाही. पुढच्या दोन वळणांत त्यांचे खांदे सैल झाले. मग त्यांनी डावा हात मागे आणून माझ्या गुडघ्यावर दोन थापा मारल्या, चढाईवरून परतलेल्या खेळाडूला मारतात तशा.

वर पोहोचल्यावर त्या टायरसमोर उकिडव्या बसल्या. पट्टी टाकलेला घोटा पूर्ण वाकला होता, त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. टायर काठाकडे एक बोट जागा सोडून सगळीकडे सारखा घासला होता.

"चहा घेऊ या," मी म्हणालो. टपरी समोरच होती.

"आधी खाली चला. उतरून पुन्हा चढू. एकदा चढलो तं दादा म्हणन नशीब होतं. दोनदा चढलो तं काय म्हणन?"

आम्ही उतरलो आणि पुन्हा चढलो. या वेळी त्या वळणावर त्यांचे खांदे हललेसुद्धा नाहीत. खरं सांगायचं तर तिसऱ्यांदा जाऊ या, हे मीच म्हणालो. त्या फेरीला मी दांडी सोडून हात मांडीवर ठेवले होते.

मग टपरीवर चहा मागवून मॅडमनी फोन लावला. "दादा, त्या गिऱ्हाइकाले नाई म्हणून सांग... हो, चढली... तीनदा." पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं होतं. त्या मान डोलवत, भज्यांकडे पाहत ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तू ये एकदा मागं बसून पाहाले." आणि फोन ठेवून पूर्ण प्लेट भजी संपवली.

त्या टायरवर त्यांनी दोन पावसाळे काढले. मी दुकानातला जुना माल काढून टाकला. आता गिऱ्हाईक "चांगला टाका" म्हणालं की मी विचारतो, कोणत्या रस्त्यानं जाता, मागे कोण बसतं. काही लोक वैतागतात. काही मात्र हातातला मोबाइल खिशात ठेवतात.

गेल्या जून महिन्यात मॅडमना मुख्याध्यापिकेची बढती मिळाली, चंद्रपूरकडच्या शाळेत. सामान टेम्पोनं पुढे गेलं होतं. निघायच्या दिवशी सकाळी त्या हवा भरायला आल्या तेव्हा मागे आई बसल्या होत्या, डोक्यावर हेल्मेट, नऊवारीचा काष्टा नीट खोचलेला. मी पुढच्या चाकात हवा भरली, मग मागच्या.

"माय, नीट बसली नं?" मॅडमनी विचारलं.

"मी बसली, तू चालव," आई म्हणाल्या.

गाडी सुरू झाली, चौकात जराशी थांबली आणि मग नागपूर रस्त्याला लागून सुसाट निघाली. आईंनी मागे न पाहता एक हात वर केला. गाडी दिसेनाशी झाली तरी मी तिथंच उभा होतो. माझ्या हातातल्या नळीतून हवा सूं करत सुटत होती, आणि ती बंद करायचं बराच वेळ माझ्या लक्षात आलं नाही.