दादांचा डबा

ह्यांनी आज सकाळी ऑफिसला जायचा डबा मागितला. रिटायर होऊन सहा वर्षं झालीत. मी माळ्यावरून माझ्या वडिलांचा, दादांचा, स्टीलचा डबा काढला. झाकण उघडताच लोणच्याचा जुना वास आला आणि औरंगाबादची ती सकाळ समोर उभी राहिली.

दादाही असेच विसरले होते. वाळूजची नोकरी कधीच संपलेली, तरी रोज डबा घेऊन कंपनीच्या बससाठी दारात उभे राहायचे. मग शेजारचे रिक्षावाले रफीकचाचा म्हणायचे, "चलो साब, बस बिगड गई, मैं छोडतूं," आणि तासभर त्यांना फिरवून आणायचे.

चार दिवस माहेरी आलेल्या मला ते सोंग वाटलं. "चाचा, उद्यापासून येऊ नका. लोक हसतात," मी सुनावलं.

चाचांनी आईकडं पाहिलं.

"राहू द्या भाईजान," आई म्हणाली, "लेकीला नाय पटत." आत जाऊन तिनं नुकतीच अंथरलेली सतरंजी गुंडाळून ठेवली.

सकाळी नऊला अंथरूण कशाला, हे तेव्हा मी विचारलंही नाही. आता रात्रभर ह्यांच्यामागं जागून माझ्याच डोळ्याला डोळा लागत नाही, तेव्हा कळतंय. आईला झोपायला तेवढा एकच तास मिळत होता, आणि तो बंद करून मी सासरी निघून गेले.