बर्फावरच्या संघाला चौथं माणूस

लातूरच्या ट्यूशन एरियात अनोळखी माणूस हसत हसत जवळ आला, की शहाण्यानं ओळखावं, हा कुठल्यातरी क्लासचा एजंट. नाहीतर होस्टेलचा. अगदीच नाही तर मेसचा. त्यामुळं गादीवाले मकसूदभाई पुढं झाले की पालक आधी पोराचा हात घट्ट धरायचे आणि ॲडमिशन झालंय म्हणून सांगून मोकळे व्हायचे.

मकसूदभाईंना ॲडमिशनशी काय देणंघेणं? त्यांना सांगायचं असायचं बर्फावर पळण्याबद्दल. हो, बर्फावर! ज्या गावात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, त्या गावात हा गडी गुडघाभर बर्फात कसं पळायचं ते लोकांना धरधरून समजावायचा. हसा, हसा. सगळे हसायचेच.

हे वेड लागलं भूकंपाच्या साली. मकसूदभाई तेव्हा बावीस वर्षांचे. किल्लारीकडं गाद्या-रजया भरून टेम्पो निघाला, त्यात वडलांबरोबर हेही गेले आणि आठवडाभर जवानांच्या बरोबरीनं दगडमाती उपसत राहिले. त्या जवानांत एक हिमाचलचा होता. सांजच्याला चहा घेताना तो आपल्या गावाकडचं सांगायचा. तिकडं हिवाळ्यात रस्ता गडप होतो, मग माणसं पायाला सुपाएवढे जाळीचे जोडे बांधतात आणि बर्फावरून पळतात. त्याच्या शर्यतीसुद्धा लागतात म्हणे. त्यानं काठीनं मातीत जोड्याचं चित्र काढून दाखवलं. त्या आठवड्यात मकसूदभाईंनी जे जे पाहिलं, त्यातलं तेवढंच एक त्यांना घरी घेऊन जावंसं वाटलं.

घरी येऊन त्यांनी वेत वाकवला, त्यावर बाजेची नवार विणली आणि जोडा तयार केला. आता बर्फ कुठून आणायचा? कापूस होता की! पिंजलेल्या कापसाचा ढीग करायचा, त्यात नुसता पाय टाकला तर तो पोटरीपर्यंत जातो, आणि जोडा बांधून टाकला तर वरच्यावर राहतो. बास, तेव्हापासून दुकानासमोर कापसाचं खोकं आलं ते आलंच. पुढं एकदा स्वतः गुलमर्गला जाऊन शर्यतीत पळूनही आले. सगळ्यांत शेवटी आले, तोंड करपून काळं झालं, पण स्वारी अशी खुशीत की महिनाभर एकही गिऱ्हाईक ती हकीकत ऐकल्याशिवाय गादी घेऊन जाऊ शकलं नाही. त्यांच्या बायकोनं, हाजराबींनी, कपाळाला हात लावला.

आणि यंदा, भूकंपाला अठरा वर्षं झाल्यावर, नशिबानं दार ठोठावलं. फेब्रुवारीत गुलमर्गलाच संघांची शर्यत होती. चार जणांचा संघ, अठरा वर्षांवरचं कुणीही चालेल, मात्र दोन बायका हव्यातच. मकसूदभाई एक. लेक मनतशा दोन. ती कॉलेजात पळण्यात पहिली यायची. तिसरा ज्ञानोबा, गाद्या पोचवणारा टेम्पोवाला, ज्यानं बर्फ पाहिला होता तो फक्त गोळ्याच्या गाडीवर. हाजराबींनी तर पहिल्याच दिवशी कानावर हात ठेवले. चौथं माणूस म्हणून दुसरी बाई काही मिळेना, आणि नावं कळवायला उरले पाच दिवस. येत्या जूनमध्ये मनतशा नर्सिंगला हैदराबादला जाणार होती. म्हणजे बाप-लेकीनं एका संघात पळायचं ते आत्ता, नाहीतर राहिलंच.

मग काय, मकसूदभाई पेटलेच. क्लास सुटला की जोडे बगलेत मारून गल्लीच्या तोंडाशी उभे. दिसेल त्या पोरीला सांगायचे, पाय द्या जरा इकडं, एक मिनिट! पोरी खिदळायच्या, एखादी पाय द्यायचीही. पण फेब्रुवारी म्हटलं की चेहरा उतरायचा. कुणाची बारावी, कुणाची टेस्ट सीरिज, कुणाची रिव्हिजन. एका क्लासच्या वॉचमननं तर त्यांना दुसऱ्या क्लासचा माणूस समजून पार चौकापर्यंत हाकलत नेलं.

तिसऱ्या दिवशी देवणीकडचे महादेवप्पा दुकानात आले. बायको गौरम्मा आणि लेक राजश्री सोबत होत्या. लातूरची ही रीतच. पोरगी क्लासला ठेवली की आईनं गावाकडचं घर सोडून इथं खोली करायची आणि परीक्षा होईस्तोवर पोरीला रांधून घालायचं. त्या खोलीसाठी दोन गाद्या हव्या होत्या. राजश्रीचं सीईटीचं हे दुसरं वर्ष, म्हणजे अठरा पूर्ण. मकसूदभाईंनी गाद्या राहू दिल्या आणि आधी तिच्या पायाला जोडा बांधला. पोरगी कापसावर उभी राहिली आणि खळखळून हसली.

महादेवप्पांचे डोळे एकदम चमकले. "ह्याचं मेडिकलला काय धरत्यात का? खेळाडूची सीट-बीट?"

मकसूदभाईंना काही बोलायचीसुद्धा गरज नव्हती, नुसती मान हलवली असती तरी संघ पुरा होत होता. मनतशा गादीला टाके घालत होती, तिची सुई थांबली. मोह कुणाला सुटलाय? पण पोरीच्या आयुष्याशी खेळ करायला हा माणूस तयार नव्हता.

"न्हाई, अप्पा," ते म्हणाले. "एक मार्क वाढत न्हाई. नुसती मजा हाय."

"मजा करायला लातूरला कोण येतंय?" महादेवप्पांनी विचारलं. राजश्रीनं मुकाट्यानं जोडा सोडला. गाद्या टेम्पोत चढल्या आणि मंडळी गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गौरम्मा एकट्याच दुकानात उभ्या. मकसूदभाईंना वाटलं, गादीत गाठी लागल्या असणार. ते गादी बदलून द्यायचं बोलू लागले, तर त्यांनी मान हलवली.

"गादी बरी हाय," त्या म्हणाल्या. "काल तुम्ही माझ्या लेकीचा पाय मागितला. माझा न्हाई मागितला."

मकसूदभाई जागच्या जागी गार! अरे, किती वर्षं आपण त्या गल्लीत उभे राहत आलो! पोरांना मान वर करायला सवड नाही, आणि त्यांच्या आया सकाळी डबा दिला की रात्रीपर्यंत दहा बाय दहाच्या खोलीत भिंतीकडं बघत बसलेल्या. अशा शेकडो खोल्यांत आपणच गाद्या पोचवल्या. तरी आपली नजर अख्ख्या लातूरसारखी पोरांवरच. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

गौरम्मांनी पदर खोचला आणि जोडे बांधले. मकसूदभाईंनी दुकानातला होता नव्हता तेवढा कापूस अंगणात पसरला. बाई त्यावरून चालल्या, मग पळाल्या, वळून परत पळाल्या. पावसाळ्यात काळ्या रानात ढेकळं चिकटलेल्या पायांनी म्हशीमागं पळण्यात त्यांचं लहानपण गेलेलं. त्यांना हे काय जड! ज्ञानोबानं टेम्पोचा हॉर्न वाजवून गल्ली डोक्यावर घेतली. संध्याकाळी चौघं गावाबाहेरच्या नांगरटीत जाऊन पळाले. मनतशा पुढं, तिच्या मागं गौरम्मा, आणि मकसूदभाई धापा टाकत सगळ्यांच्या मागं, पण इतके खूश की त्यांना हसू आवरेना.

एकच अडचण होती. गौरम्मांनी नवऱ्याला विचारलं नव्हतं. त्याच रात्री फोन केला, सगळं सांगितलं. महादेवप्पांनी नुसतं ऐकून घेतलं आणि फोन ठेवून दिला.

शेवटच्या दिवशी सकाळी सगळे दुकानात फॉर्म घेऊन बसले. बारापर्यंत फॅक्स गेला पाहिजे होता. तीन नावं लिहून झाली होती. गौरम्मा एका कडेला बसलेल्या. त्यांना विचारायचा धीर मकसूदभाईंना होत नव्हता. इतक्यात पहिल्या बसमधून उतरून महादेवप्पा आले. खांद्यावर पोतं, चेहरा घट्ट. मकसूदभाईंनी मनातल्या मनात गुलमर्गला सलाम केला आणि फॉर्मची घडी घातली.

महादेवप्पांनी पोतं उंबऱ्यात ठेवलं. ज्वारीचं पीठ होतं. बायकोकडं न बघताच ते हाजराबींना म्हणाले, "भाभी, ही जाईल तवा पोरीचं जेवण मी बघतो. पण मला भाकरी थापाया येत न्हाई. तेवढी शिकवता का?"

हाजराबींनी लगेच घरातून परात आणली. मकसूदभाईंनी फॉर्म उलगडला, पण डोळे असे भरून आले की त्यांना ओळच दिसेना. शेवटी गौरम्मांनी त्यांच्या हातातला पेन घेतला आणि चौथं नाव आपल्या हातानं लिहिलं.